छातीतील नळी निघाल्यानंतर

इस्पितळातून घरी आणलेल्या माणसाला उंबरठ्यावरच जे पहिले वाक्य ऐकावे लागते, ते बहुधा एकच असते : "आता काही म्हणून करायचे नाही, नुसते पडून राहायचे." या वाक्यात माया असते, काळजी असते, आणि गेले काही दिवस इस्पितळाच्या वऱ्हांड्यात काढलेल्या मंडळींचा सुटकेचा निःश्वासही असतो. पुष्कळ आजारांत या आज्ञेने फारसे बिघडत नाही. परंतु ज्याच्या छातीत नळी घालून साचलेले पाणी किंवा पू काढावा लागला आहे, त्याच्या बाबतीत ही आज्ञा अक्षरशः पाळली गेली, तर इस्पितळात मिळविलेले निम्मे यश घरच्या पलंगावर गमावण्याचा संभव असतो. असे का व्हावे हे समजण्यास छातीच्या आतील रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते.

प्रत्येक फुप्फुसाभोवती एक दुपदरी आवरण असते. त्याचा एक पदर फुप्फुसाला घट्ट चिकटलेला, तर दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला अस्तरासारखा लावलेला असतो. दोन्ही पदरांच्या मध्ये निरोगी अवस्थेत दोनतीन चमचे ओलावा असतो, अधिक काही नाही. पाण्याने भिजलेल्या दोन काचा एकमेकींवर ठेवल्या असता त्या सहज सरकतात, पण ओढून वेगळ्या होत नाहीत. तोच प्रकार येथे असतो. फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नाहीत. ते ताणलेल्या रबरासारखे सदैव आकसू पाहते, आणि छातीचा पिंजरा त्याला बाहेर ओढून धरतो. बरगड्या उचलल्या गेल्या आणि श्वासपटल खाली गेले, की त्या ओलसर बंधनामुळे फुप्फुसही त्यांच्यामागून फुलते व हवा आत येते. श्वास म्हणतात तो हाच.

या दोन पदरांमध्ये पाणी, पू, रक्त किंवा हवा शिरली, की हे बंधन सुटते आणि फुप्फुस आपल्या स्वभावाप्रमाणे आकसून बसते. कारणे अनेक आहेत. न्यूमोनियामागून पू होतो. कर्करोगाने पाणी साचते. अपघातात बरगडी मोडून रक्त किंवा हवा भरते. उंच, सडपातळ आणि बहुधा विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत फुप्फुसावरचा एखादा फोड फुटून अकस्मात हवा भरल्याचे दिसते. परंतु भारतात, आणि महाराष्ट्रातही, छातीत पाणी झाले म्हटले की डॉक्टरांना आधी क्षयाचा विचार करावा लागतो. म्हणून पुढील विवेचनात क्षयाच्या रोग्याकडे अधिक लक्ष दिलेले आहे.

साचलेले काढावयाचे तर छातीला वाट करावी लागते, आणि वाट केली की बाहेरची हवा आत शिरावयाची, अशी ही अडचण. तिच्यावरील तोड मोठी साधी आहे. नळीचे बाहेरचे टोक बाटलीतील पाण्यात दोनएक सेंटिमीटर बुडवून ठेवावयाचे. आतले बाहेर येते, पण बाहेरची हवा पाणी ओलांडून आत जाऊ शकत नाही. जर्मनीत हॅम्बर्ग येथील गॉटहार्ड ब्यूलाउ या वैद्याने या पद्धतीचे वर्णन १८९१ साली प्रसिद्ध केले, आणि आजही इस्पितळातील खाटेखाली जी बाटली दिसते तिच्यातील मूळ युक्ती तीच आहे. या युक्तीचे मोल जगाला कळले ते १९१८ साली. त्या वेळी अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत गोवर व इन्फ्लुएन्झा यांच्या पाठोपाठ न्यूमोनिया येऊन अनेक सैनिकांच्या छातीत पू झाला. प्रथम प्रथम छाती तातडीने उघडून तो काढण्यात आला, आणि त्यांतील सुमारे तीस टक्के सैनिक दगावले. एव्हर्ट्स ग्रॅहॅम प्रभृति तज्ज्ञांनी उघड्या छिद्राऐवजी बंद मार्गाने पू काढावा, छाती उघडण्याची घाई करू नये, असे ठरविल्यावर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

नळी निघाली, टाका पडला, रोगी घरी आला. घरच्यांच्या दृष्टीने येथे प्रकरण संपते. वस्तुतः त्याचा दुसरा भाग येथे सुरू होतो. सुजलेल्या पदरांवर एक चिकट थर बसलेला असतो. फुप्फुस पूर्ण फुललेले असताना तो जिरत गेला तर उत्तमच. परंतु ते अर्धवट आकसलेले असतानाच हा थर घट्ट झाला, तर फुप्फुसावर संत्र्याच्या सालीसारखे कवच तयार होते, आणि ते सोलून काढण्यासाठी कधी कधी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. फुप्फुस फुलविण्याचे साधन रोग्याच्या हाती एकच उरते, ते म्हणजे दीर्घ श्वास. आणि नेमका तोच त्याला नकोसा झालेला असतो. कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू जातो, नळीने तो दुखावलेला असतो, आणि खोल श्वास घेतला की कळ येते. म्हणून रोगी वरवर, चोरून श्वास घेतो. खोकला आला तर गिळतो. मग फुप्फुसाच्या तळाकडील वायुकोश मिटतात, तेथे कफ साठतो, ताप येतो, आणि घरची मंडळी म्हणतात, "पाहा, कालच जरा चालायला गेला होता!" ताप चालण्याने आलेला नसतो, आधीचे चार दिवस न चालल्याने आलेला असतो.

मग "पडून राहा" हा उपदेश आला तरी कोठून? तो अडाणीपणाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. एके काळी तो मोठमोठ्या वैद्यांचाच उपदेश होता. जर्मनीत फाल्केनश्टाइन येथे पेटर डेटवायलर यांनी १८७६ पासून क्षयरोग्यांना तासन्‌तास मोकळ्या हवेत आरामखुर्चीवर निजविण्याची शिस्त घातली. इटलीतील कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ साली याहून पुढची कल्पना मांडली : रोगट फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत मुद्दाम हवा सोडून ते मिटवून टाकावयाचे. आज जी हवा काढण्यासाठी धावपळ होते, तीच त्या काळी सुईने भरली जात असे, आणि ती जिरली की पुन्हा भरावी लागे. मिरज आणि पाचगणी येथील आरोग्यधामांची नावे घेताच महाराष्ट्रातील जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर खाटांची रांग, उघड्या खिडक्या आणि महिनोन्‌महिने चाललेली विश्रांती उभी राहते, ती याच परंपरेतून. रोगजंतूंना मारणारे औषध हाती नव्हते, तेव्हा विश्रांती हेच औषध होते.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला आणि त्यामागून इतर औषधे आली. तथापि, घरी राहून क्षय बरा होईल काय, ही शंका उरलीच. तिचे उत्तर भारतातच मिळाले. मद्रास येथील क्षयरोग-चिकित्सा केंद्रात १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात फुप्फुसाच्या क्षयाच्या १९३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला तीच औषधे देऊन त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत राहू दिले. घरच्यांचे खाणे अधिक गरिबीचे होते, विश्रांती कमी होती, श्रम अधिक होते. तरीही वर्षाअखेरीस दोन्हीकडचे निष्कर्ष जवळजवळ सारखेच निघाले; इतकेच नव्हे, तर घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. हा अहवाल १९५९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरची आरोग्यधामे ओस पडण्यास तो बऱ्याच अंशी कारण झाला. उपचार बदलले, घरातील उपदेश मात्र जुन्या काळचाच राहिला आहे.

आता प्रत्यक्ष दिनक्रमाकडे वळावयास हरकत नाही. सर्वांत आधी वेदनाशामक गोळी. "उगीच गोळ्या कशाला, सहन करतो," असे म्हणणारे रोगी घरात कौतुकास पात्र ठरतात. छातीच्या दुखण्यात ते कौतुक महाग पडते. ही गोळी चैनीसाठी नसून श्वासासाठी आहे. डॉक्टरांनी नेमून दिलेल्या वेळी ती घ्यावी, अर्धा-पाऊण तास थांबावे आणि मग श्वासाचा व्यायाम करावा. यांतील काही गोळ्यांनी मलावरोध होतो व कुंथताना छाती दुखते. म्हणून पाणी, पालेभाजी आणि फळे यांत हयगय नसावी.

व्यायामासाठी इस्पितळातून पुष्कळांना तीन रंगीत गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे उपकरण मिळते. त्याचा उपयोग अनेक घरांत उलटा केला जातो. रोगी त्यात जोराने फुंकर मारतो, गोळ्या हलत नाहीत, आणि "छातीत दमच उरला नाही" असे म्हणून तो हताश होतो. गोळ्या वर जातात त्या श्वास आत ओढल्याने. ताठ बसावे, श्वास सावकाश सोडून द्यावा, नळी ओठांत घट्ट धरून हवा आत ओढावी, तीन ते पाच सेकंद रोखावी आणि सोडावी. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास पुरेत. मध्ये चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबावे. तिसरी गोळी चढलीच पाहिजे अशी पैज लावण्याचे कारण नाही. उपकरण नसले तरीही अडत नाही. बरगड्यांच्या खालच्या भागावर तळहात ठेवून, हाताला ढकलत श्वास आत घेतला तरी काम तेच होते.

खोकला दाबू नये. एखादी घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर दुखऱ्या बाजूवर दोन्ही हातांनी आवळून धरली, की खोकताना बसणारा हिसका पुष्कळच कमी होतो. जखम उसवेल ही भीती निराधार आहे. निजताना पाठीमागे दोनतीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखे निजणे पहिले काही दिवस सुखाचे वाटते.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट खांद्याची. काखेखाली नळी होती म्हणून रोगी तो हात पोटाशी धरून वावरतो. तीन आठवड्यांनी शर्ट घालावयास जातो, तो हात वर जात नाही. विशेषतः ज्यांची छाती बरगड्यांमधून उघडलेली असते त्यांचा खांदा आखडण्याचा धोका अधिक. भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, बोटे भिंतीवरून हळूहळू वर चढवावीत, जेथे ताण बसेल तेथे थांबावे. असे दिवसातून तीनचार वेळा. स्त्रियांनी वेणी स्वतःच्या हाताने घालावी, पुरुषांनी केस स्वतः विंचरावेत. याहून चांगला व्यायाम शोधून सापडणार नाही.

चालणे पहिल्या दिवसापासून. प्रथम ओसरी, मग अंगण किंवा इमारतीचा मधला मार्ग, मग रस्ता. चालताना बोलता येईल इतकीच गती असावी. जिने चढावयास हरकत नाही, मात्र मध्ये थांबावे. उचलण्याचे काम निराळे. भरलेली बादली, गॅसची टाकी, पाण्याचा हंडा, कडेवरचे मूल, यांपैकी काहीही चारपाच किलोंच्या वर जात असेल तर ते टाळावे. केवळ नळी घातली असेल तर दोनतीन आठवडे आणि छाती उघडली असेल तर सहा ते आठ आठवडे. दुचाकीचा हिसका खांद्यावर आणि बरगड्यांवर बसतो, त्यामुळे तीही तोपर्यंत दूरच बरी. घरातील सूनबाई रोगी असतील तर हा नियम सर्वांत आधी मोडतो, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे. त्यांना दोन दिवस "पडून राहा" म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी पाणी भरावयास लावतात. या दोन्हींपैकी एकही गोष्ट छातीच्या हिताची नाही.

जखमेबाबत फार सांगण्यासारखे नाही. पहिले दोन दिवस पट्टी कोरडी ठेवावी, पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने पाणी घेतले तर चालते. हळद, तेल, राख यांपैकी काहीही लावू नये. टाका असल्यास साधारणतः सात ते दहा दिवसांनी काढतात. विहिरीत किंवा तलावात पोहणे जखम पुरती भरेपर्यंत बंद. बरगडीच्या रेषेत मुंग्या येणे किंवा एखादा भाग बधिर वाटणे आठवडेच्या आठवडे टिकू शकते. तो त्या दुखावलेल्या मज्जातंतूचा प्रकार असतो.

धुराविषयी मात्र कडकपणा हवा. विडी-सिगारेट रोग्याने तर नाहीच, पण त्याच्या खोलीत दुसऱ्यानेही ओढता कामा नये. ज्यांच्या छातीत आपोआप हवा भरली होती त्यांना धूम्रपानाने तोच प्रसंग पुन्हा येण्याची भीती वाढते. चुलीचा धूर, धूप आणि उदबत्ती यांपासूनही रोग्याला दूर ठेवावे. डासांसाठी जाळावयाची हिरवी वळी निरुपद्रवी समजली जाते. परंतु अशी एक वळी जळताना जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके सोडावयास ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आढळले. मच्छरदाणी अधिक स्वस्त आणि अधिक शहाणपणाची.

पाणी क्षयाचे असेल तर खरी कसोटी छाती मोकळी झाल्यानंतरच लागते. नळीने पाणी जाते, रोग जात नाही. भारतातील नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे रोज घ्यावयाची असतात. दुसऱ्या महिन्यात ताप नसतो, भूक लागते, वजन चढू लागते; आणि याच सुमारास गोळ्या सुटतात. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील हे अंतर ज्यांना कळले नाही, त्यांचा रोग पुढे औषधाला न जुमानणारा होऊन परत येऊ शकतो. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे आधी माहीत नसल्यामुळे कित्येक जण घाबरून औषध टाकतात; त्यात भिण्यासारखे काही नाही. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला, अन्न नकोसे होऊन उलट्या सुरू झाल्या किंवा दृष्टी अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आहाराला पथ्याच्या नावाखाली कात्री लावू नये. पुवाबरोबर आणि पाण्याबरोबर शरीरातील प्रथिने वाहून गेलेली असतात. ती डाळी, उसळी, दूध, शेंगदाणे, अंडी आणि खात असल्यास मासे-मटण यांतूनच भरून यावयाची. केळे आणि दही "थंड" म्हणून वर्ज्य करण्याने फुप्फुसाला काही लाभ होत नाही, रोग्याचा घास तेवढा कमी होतो. शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसे मिळतात. २०१८ साली ही रक्कम दरमहा ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आली.

ताट-वाटी वेगळी करण्याची रीत अजून पुष्कळ घरांतून गेलेली नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, भांड्यांतून किंवा कपड्यांतून नव्हे. रोग केवळ आवरणात असेल तर त्यापासून इतरांना होणारी बाधा अगदी अल्प. फुप्फुसही रोगट असेल तर योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ उतरतो, आणि तोवर तोंडावर रुमाल व उघडी खिडकी यांचा उपयोग होतो. वेगळ्या ताटाने कोणाचेच रक्षण होत नाही. घरातील सर्वांची, आणि पाच वर्षांखालील मुलांची विशेषतः, तपासणी करून घेणे हा खरा उपाय. तो मात्र बहुधा राहून जातो.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांत सकाळची वाट पाहू नये. अकस्मात धाप लागणे, छातीत नवी तीव्र कळ येणे, ओठ निळसर पडणे, खोकल्यातून रक्त येणे. जखमेभोवती किंवा मानेला सूज येऊन तिच्यावर बोट दाबले असता त्वचेखाली करकर जाणवणे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणे. यांपैकी काही दिसले तर महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. १०० अंशांच्या वर जाऊन राहणारा ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, ही लक्षणेही इस्पितळ गाठण्याचीच. काही रोग्यांना नळी व बाटली यांसह घरी पाठवितात. त्यांनी बाटली नेहमी छातीच्या खाली, उभी ठेवावी, आणि कोणीही आपल्या मताने नळीला चिमटा लावू नये.

ज्यांच्या छातीत हवा भरली होती त्यांच्यासाठी प्रवासाचा एक वेगळा नियम आहे. विमान उंच गेले की आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील डोंगराइतका उतरतो, आणि कोंडलेली हवा त्या प्रमाणात प्रसरण पावते. म्हणून क्ष-किरण चित्रात फुप्फुस पूर्ण फुललेले दिसल्यानंतरही निदान सात दिवस जाऊ द्यावेत व डॉक्टरांची परवानगी घेऊन मगच विमानात बसावे. समुद्रात खोल बुडी मारण्याचा छंद अशांना बहुधा कायमचाच सोडावा लागतो.

काही आठवड्यांनी पुन्हा क्ष-किरण चित्र काढतात, आणि त्यात खालच्या कोपऱ्यात एखादी पांढरट छाया उरलेली दिसते. क्षयाच्या पाण्यानंतर आवरण थोडे जाड राहणे नेहमीचेच आहे. महिने जातात तसे ते पुष्कळदा निवळते, कधी थोडेसे कायम राहते, आणि चालताना दम लागत नसेल तर त्यापायी झोप उडवून घेण्याचे कारण नसते. उपचार संपताना काढलेले चित्र मात्र, इस्पितळातून मिळालेल्या कागदांसह, घरात जपून ठेवावे. दहा वर्षांनी नोकरीसाठी किंवा दुसऱ्या एखाद्या आजारासाठी छातीचे चित्र निघेल, नव्या डॉक्टरांना तीच छाया दिसेल आणि रोग उलटला काय अशी शंका येईल. त्या वेळी जुने चित्र शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे एका मिनिटात निर्णय होतो.